पवनारपासून फक्त 107 किलोमीटर!

वीकेण्डला नागपूरहून गाडी काढायची आणि वर्धा रोड पकडायचा. सत्तरेक किलोमीटरवर पवनार. धाम नदी, पात्रातले काळे खडक, टेकाडावर विनोबांचा परमधाम आश्रम. ना मॉल, ना मल्टिप्लेक्स. पाय पाण्यात सोडून मी मस्त बसले होते. डोक्यात मात्र डेडलाइन होती. विषय? अंतराळ पर्यटन!

आता गंमत बघा. 20 जुलै 2021 ला जेफ बेझोस आणि आणखी तिघं 'न्यू शेपर्ड' रॉकेटमधून उडाले, ते जेमतेम 107 किलोमीटर वर गेले. म्हणजे नागपूर-पवनारच्या दीडपट अंतर, फक्त सरळ वर! पृथ्वीभोवती फिरत राहायला ताशी सुमारे 28 हजार किलोमीटर वेग लागतो. एवढा वेग या रॉकेटला नसतो. म्हणून वर फेकलेल्या चेंडूसारखं जायचं, तीनेक मिनिटं तरंगायचं आणि पॅराशूटनं खाली यायचं. सगळा खेळ दहा मिनिटांचा. त्यातल्या एका सीटचा लिलाव तब्बल 2 कोटी 80 लाख डॉलरला गेला होता!

हे रॉकेट बनवणाऱ्या टीममध्ये आपल्या कल्याणची संजल गावंडे होती. मुंबई विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून अमेरिकेला गेलेली. सीटवर बसले दुसरेच. तरी खरं सांगू? मला हेवा वाटला तो बेझोसचा नाही, संजलचा. आणि 82 वर्षांच्या वॉली फंकचा. 1961 मध्ये त्यांनी अंतराळवीरांच्या चाचण्या दिल्या होत्या. संधी मिळाली साठ वर्षांनी.

वर आश्रमात गेले. पैशाशिवाय जगायचा 'कांचनमुक्ती'चा प्रयोग विनोबांनी इथंच 1950 मध्ये केला. पुढच्या वर्षी ते इथून पायी निघाले, भूदान मागत देशभर फिरले आणि 1964 मध्ये परतले. एक प्रवास तेरा वर्षांचा, एक दहा मिनिटांचा. एकाला पैसा नको होता, दुसऱ्याला पैशाशिवाय दारच उघडत नाही. आणि मी? महिनाअखेरीला पेट्रोलचा हिशेब करणारी फ्रीलान्सर, कुणी फुकट तिकीट दिलं तर दोन्ही हातांनी घेईन!

परतताना टपरीवर चहा घेतला. काकांना सगळं रंगवून सांगितलं.

"दहा मिन्टं? अन् मंग उतरते कुठी, ताई?"

"जमिनीवरच, काका."

"मंग येवढे पैसे जायाचे का यायाचे?"

मला हसू आलं, पण उत्तर काही सुचेना. कारण अंतराळातून आलेले बहुतेक जण सांगतात काय, तर वरून पृथ्वी फार सुंदर दिसते! ती बघायला 107 किलोमीटर वर जायला मला आवडेलच. तोवर धामच्या काठावर पाय सोडून बसायला तिकीट लागत नाही. या रविवारी जमवाच!