शेवटच्या चार ओळी

वैद्यकीय शोधनिबंध मी शेवटाकडून वाचते. हसू नका. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या संशोधन विभागात वीसहून जास्त वर्षं आकडेमोड केल्यावर लागलेली ही सवय आहे. निष्कर्ष नंतर, आधी तळाच्या बारीक अक्षरातल्या चार ओळी. पैसा कुणी दिला, कुणाचे हितसंबंध कुठे गुंतले आहेत, नैतिकता समितीची परवानगी होती का, आणि कुठल्या लेखकानं नेमकं काय केलं? फॅमिली ग्रुपवर कुणी 'संशोधनात सिद्ध झालंय' असं काही पाठवलं, तर तुम्हीही एकदा असं वाचून बघा.

या ओळींची किंमत आम्हा ब्रिटनवासीयांना कळली ती एमएमआरच्या लशीपायी. २८ फेब्रुवारी १९९८च्या 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांचे १२ सहलेखक यांचा निबंध आला. मुलं फक्त १२. आतड्यांचा आजार, ऑटिझमसारखी लक्षणं, आणि त्यातल्या ८ मुलांच्या बाबतीत पालकांचं किंवा डॉक्टरांचं म्हणणं की हे एमएमआरनंतर सुरू झालं. लस आणि या आजाराचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, असं निबंधातच लिहिलं होतं. पण पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशी वेगवेगळ्या द्याव्यात असं सुचवलं, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

२००२च्या गणपतीत, मंडळाच्या स्वयंपाकघरात खोबरं खवताना एक मैत्रीण म्हणाली, "डिसेंबरात पुण्याला जातोच आहोत, तिथे पिल्लूला नुसतं गोवराचं इंजेक्शन देऊन आणू." भारतातल्या सरकारी लसीकरणात तेव्हा नवव्या महिन्यात गोवराची लस एकटीच देत असत, त्यामुळे तिचा बेत काही हवेतला नव्हता. बाई इंजिनिअर, अडाणी मुळीच नाही. निबंध छापून घेऊन तिनं तो पेनानं खुणा करत वाचला होता. जाणत्या वाचकानं जे करायचं ते सगळं तिनं केलं होतं. पण जे छापलंच नव्हतं, ते ती कुठून वाचणार?

काय छापलं नव्हतं? लस बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावायच्या तयारीत असलेल्या पालकांच्या वकिलासाठी वेकफिल्ड काम करत होते. त्याचे त्यांना पुढे चार लाखांहून जास्त पौंड मिळाले, तेही सरकारी कायदेविषयक मदतीच्या निधीतून. गोवराच्या स्वतंत्र लशीसंबंधीच्या एका पेटंटसाठी त्यांनी १९९७मध्येच अर्ज केला होता. हे सगळं बाहेर काढलं ते 'संडे टाइम्स'च्या ब्रायन डीअर या पत्रकारानं, २००४पासून पुढे. आमच्या क्षेत्रातल्या कुणी काढलं नाही, हे मला अजून टोचतं.

आणि जे छापलं होतं, त्यातलं? मुलं एकापाठोपाठ, नेहमीच्या पद्धतीनं तपासायला आली, असं निबंधात म्हटलं होतं. आकडेवाल्या माणसाला या एका शब्दप्रयोगावर सगळा इमला उभा दिसतो. मुलं आपसूक आली असतील तर ८ हा आकडा काहीतरी सांगतो. निवडून आणली असतील तर काहीच सांगत नाही. नैतिकता समितीच्या परवानगीचा उल्लेखही होता. जनरल मेडिकल कौन्सिलच्या चौकशीत या दोन्ही गोष्टी खोट्या ठरल्या. मुलांच्या कोलोनोस्कोपी झाल्या, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं गेलं. स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांना पाच-पाच पौंड देऊन वेकफिल्ड यांनी त्यांचं रक्त काढून घेतल्याचंही त्याच चौकशीत नोंदलं गेलं. वाढदिवसाला!

सहलेखकांपैकी १० जणांनी २००४मध्ये लशीबद्दलचा अन्वयार्थ मागे घेतला. पण तोवर सहा वर्षं त्यांच्या नावांचं वजन त्या निबंधामागे होतंच. लेखकांच्या यादीत नाव घालणं ही आपल्याकडे काय, इकडे काय, पुष्कळदा मानपानाची बाब असते. आमच्या विभागातही एका वरिष्ठांनी निबंध न वाचताच आपलं नाव घालायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "सर, तक्ता तीनबद्दल कुणी विचारलं तर उत्तर तुम्हालाही द्यावं लागेल." नाव गळलं, आणि पुढचं वर्षभर आमचं बोलणंही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०१३मध्ये नियमच केला की लेखक म्हणवून घ्यायचं तर साऱ्या कामाची जबाबदारीही अंगावर घ्यायची. नियम उत्तम आहे. तो पाळला जातो का, हे तळाच्या ओळीवरून कधीकधी कळतं, नेहमी नाही.

'लॅन्सेट'नं निबंध पूर्णपणे मागे घेतला तो २ फेब्रुवारी २०१०ला. बारा वर्षांनी! त्याच वर्षी वेकफिल्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आलं. लसीकरण मात्र मधल्या काळात घसरत घसरत २००३-०४मध्ये इंग्लंडात ८० टक्क्यांवर आलं होतं. आज मूळ निबंध उघडलात तर पानापानावर लाल अक्षरात 'मागे घेतला' असं दिसेल.

त्या वर्षांत लस चुकलेली पोरं मोठी होत होती. नोव्हेंबर २०१२मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी भागात गोवराची साथ सुरू झाली. बाराशेहून जास्त रुग्णांची नोंद झाली, एक तरुण दगावला. एप्रिल २०१३मध्ये तिथल्या हॉस्पिटलांनी शनिवारी खास लसीकरण ठेवलं. टीव्हीवर ती लांबलचक रांग मी पाहिली. बाळं त्यात थोडी होती. बहुतेक सगळी शाळकरी, काही तर आईच्या खांद्याच्या वर गेलेली, बाह्या सारून उभी होती.