बाराव्या गड्याचे गाव

नाशिकला येणाऱ्या पाहुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी रामकुंड, मग काळाराम आणि सीतागुंफा, दुपारी मिसळ आणि परतताना पिशवीत चिवडा. या यादीत मी दर दिवाळीला आणखी एक स्थळ घालू पाहतो आणि आमच्या घरातली मंडळी ते न चुकता गाळतात. ते स्थळ म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. रिक्षावाल्याला मात्र ‘गोल्फ क्लब’ असेच सांगावे लागते. १९०९ साली याच नाशकात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडून पुढल्या वर्षी फासावर गेलेल्या त्या कोवळ्या तरुणाचे नाव मैदानाला आहे, हे पाहुण्याला मी आवर्जून सांगतो.

एरवी हे मैदान फेऱ्या मारणाऱ्यांचे. पहाटे मधुमेही, संध्याकाळी पेन्शनर. पण रणजी सामना लागला की त्याचा नूर पालटतो. मांडव पडतात, दोरी लागते आणि आमच्यासारखे रिकामटेकडे डबा घेऊन बसतात. महाराष्ट्राचा संघ म्हणजे मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेला महाराष्ट्र. त्यात नाशिक येते. जानेवारी २०२५ मध्ये याच मैदानावर आपल्या संघाने बडोद्याला ४३९ धावांनी हरवले. सामना चार दिवसांचा, पण नाशिककरांना तो महिनाभर पुरला.

माझा मात्र एक चमत्कारिक छंद आहे. संघाची यादी जाहीर झाली की लोक पहिली अकरा नावे वाचतात. मी खालून वाचायला लागतो. बारावा कोण, चौदावा कोण, जलद गोलंदाजाचा पाय मुरगळला तर पर्याय कोण, हे एकदा जुळले की माझी दिवाळी गोड होते. शेजारचे अण्णा म्हणतात, “अहो, पंगतीला बसलेल्यांचे बघा, ताटकळणाऱ्यांचे कसले बघता?” पण अण्णा, पंगत दुसरी बसते तेव्हाच यजमानाची खरी परीक्षा असते!

बास्केटबॉलवाल्यांचे बरे. पाच जण मैदानात, सात बाकावर, आणि मार्गदर्शकाने खूण केली की बाकावरचा आत. क्रिकेटमध्ये बाराव्याने पाणी न्यावे, हातमोजे बदलून द्यावेत, फार तर क्षेत्ररक्षण करावे. फलंदाजी-गोलंदाजीचे नाव काढायचे नाही. डोक्याला मार बसलेल्याच्या जागी पूर्ण खेळाडू घेण्याची सोय २०१९ साली झाली, आणि २०२५-२६ पासून आपल्याकडच्या चार दिवसांच्या सामन्यांत गंभीर दुखापतीलाही बदली मिळू लागली. म्हणजे माझ्या यादीच्या तळाला आता कायद्यानेही किंमत आली!

आणि गरज नसते कुठे? चांगला फलंदाज भारताच्या संघात निवडला गेला की आनंद होतो आणि त्याच दिवशी रणजीला एक भगदाड पडते. ते बुजवणारा मुलगा तयार असला तर संघ तरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिरुअनंतपुरमला केरळविरुद्ध महाराष्ट्राचे पाच गडी अठरा धावांत परतले होते. तिथून ऋतुराज गायकवाडच्या ९१ आणि त्याच वर्षी केरळहून आपल्याकडे आलेल्या जलज सक्सेनाच्या ४९ धावांनी डाव २३९ पर्यंत नेला. वरची फळी कोसळल्यावर खाली कोण आहे, यावरच संघाची खोली कळते.

रणजी करंडक महाराष्ट्राने प्राध्यापक देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा जिंकला. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ साली अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हात हलवत परत आला. एवढ्या वर्षांच्या उपासानंतर आशा धरणे हा शहाणपणा की वेड, हे मला विचारू नका. आमच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की बागेत नुसत्या काड्या दिसतात. तरी हा गृहस्थ त्या काड्यांकडे पाहत फेब्रुवारीतल्या घडांचा हिशेब मांडतो. मधे अवकाळी पाऊस आहे, गारपीट आहे, हे त्याला ठाऊक नसते असे नाही.

माझी आशाही त्याच मातीतली. सत्यजित बच्छावसारखा डावखुरा फिरकीपटू याच गावाने महाराष्ट्राला दिला. २०२४-२५ च्या हंगामात रणजी खेळलेल्या नाशिकच्या रामकृष्ण घोषला त्याच सुमारास चेन्नईने लिलावात ३० लाखांना घेतले. त्यांच्यामागे कितीतरी मुले रोज सकाळी किट खांद्यावर टाकून सायकल हाणत असतात. एखाद्याची आई पहाटे डबा भरते, वडील बॅटच्या किमतीपुढे आपले जोडे पुढच्या वर्षावर ढकलतात. या पोरांतला एखादा संघात शिरतो आणि हंगामभर मांडवात बसतो. विशी ओलांडते, तिशी खुणावते. आपण ज्याला संघाची खोली म्हणतो ती कुणाच्या तरी उमेदीच्या वर्षांनी भरलेली असते.

नाशिकला हे बसणे नवे नाही. मुंबई आणि पुणे खेळतात, नाशिक पॅड बांधून तयार असते. म्हणून वाचकहो, हिवाळ्यात इकडे आलात आणि सामना असला तर घटकाभर मैदानावर या. खेळपट्टीकडे तर सगळेच पाहतात. तुम्ही मांडवातल्या त्या मुलाकडे पाहा. पाण्याची बाटली घेऊन तो धावत आत जाईल, तेव्हा त्याच्यासाठीही दोन टाळ्या वाजवा. यंदा त्याची पाळी येणार, अशी माझी खात्री आहे.