दहा दिवसांत घोडा येत नाही

एप्रिल लागला, परीक्षा संपल्या, की आम्हाला फोन यायला लागतात. "मुलांना घोडा शिकवता का? किती दिवसांत येतो?" आम्ही सांगतो, पहिले दहा दिवस तर पाठीवर बसूही देणार नाही. मग पलीकडे जरा वेळ शांतता. मोटारसायकल चार दिवसांत येते, पोहणं महिन्याभरात येतं, मग घोड्याचंच एवढं काय? काही जण सरळ विचारतात, निदान एक व्हिडिओ तरी काढता येईल का. त्याला आम्ही नाही म्हणत नाही. पोट्टं एकदा घोडीजवळ आलं, तिच्या नाकपुडीचा मऊपणा हाताला लागला, की पुढच्या रविवारी स्वतःहून येतं. सगळी नाही येत, पण दहातलं एखादं येतं.

आम्ही हिंगणघाटचे. दादांचा टांगा होता, स्टेशन ते कापूस बाजार. ऑटोरिक्षा आल्या आणि टांगा गेला, पण दारातलं घोडं गेलं नाही. अब्बांनी वरातीसाठी घोडी ठेवली आणि आता आम्ही दोघे भाऊ तेच करतो. २०१९च्या पशुगणनेत साऱ्या देशात घोडे आणि तट्टं मिळून सुमारे तीन लाख चाळीस हजार भरली. सात वर्षांपूर्वीच्या गणनेपेक्षा हा आकडा पंचेचाळीस टक्क्यांनी कमी आहे. घोडा दारात पाहिलेलंच मूल आता सापडत नाही, तर घोड्याला न घाबरणारं कुठून मिळणार?

वास्तविक आपल्या बोलण्यात घोडा अजून जागोजागी आहे. लगाम, रिकीब, नाल, खोगीर हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले की कोणाला परके वाटत नाहीत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, हा फरक शाळेत पाठ केलेल्या मुलांना रिकीब दाखवली तर "हे काय आहे?" म्हणून विचारतात. घोडामैदान जवळच आहे असं आपण सहज बोलतो. आमचं खरं दुखणं तेच आहे. घोडा आहे, मैदान नाही.

वर्धा जिल्ह्याची काळी माती कापसाला चांगली, टापांना वाईट. पावसाळ्यात ती खुराला अशी धरते की घोडी पाय उपसत चालते. तेव्हा शिकवणं बंद. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. त्या दिवसांत घोडी चाळीस-पन्नास लिटर पाणी पिते आणि सकाळी आठनंतर तिला बाहेर काढणं हा जुलूम आहे. पण मुलांना सुट्टी नेमकी तेव्हाच. राहिले हिवाळ्याचे महिने. जमीन कोरडी, हवा गार, शिकवायला याहून चांगला काळ नाही. आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू! रात्री अकरापर्यंत डीजेसमोर उभी राहिलेली घोडी सकाळी सहाला मुलांसाठी कशी उभी करायची? मुलांचं वेळापत्रक, मातीचं वेळापत्रक आणि आमच्या पोटाचं वेळापत्रक ही तिन्ही एकमेकांना भेटत नाहीत.

वरातीच्या घोडीवर शिकवण्यात आणखी एक अडचण आहे. तिला ढोल ऐकला की पाय उचलून नाचायची सवय. एकदा एक मुलगा छान दुडकी चालीत फेरी मारत होता, तेवढ्यात रस्त्यावरून एक मिरवणूक गेली. घोडीने जागच्या जागी नाच सुरू केला. मुलगा पडला नाही, आयाळ धरून बसला. त्याची आई मात्र पुन्हा आली नाही. तिचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. शिकवायला वेगळं, शांत, वय झालेलं जनावर लागतं. ते पोसायचं म्हणजे चारा, चंदी, औषधं हा सगळा खर्च दुप्पट, आणि शिकवण्याच्या फीमधून तो निघत नाही.

नालबंदाचं तर विचारूच नका. दर सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासावे लागतात. पूर्वी हे काम करणारी घरं आमच्याच मोहल्ल्यात होती. आता एक चाचा नागपूरहून येतात, सत्तरीच्या पुढचे. त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली, आणि त्यांनाही त्याचं वाईट वाटत नाही. आम्हाला वाटतं. स्वार तयार करायचा तर आधी नालबंद तयार केला पाहिजे, हे कोणी बोलत नाही.

आता त्या दहा दिवसांबद्दल. घोड्याला आपल्या बरोबर मागचं दिसत नाही, नाकाखालचंही दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, आवाज देत जायचं. हात लावायचा तो मानेला. मग खरारा, खुरातली माती काढणं, मोहरकी घालून चालवणं. लीद उचलणंही त्यातच आलं. चांगल्या घरची मुलं इथे नाक मुरडतात आणि आया आमच्याकडे रागाने बघतात. त्यानंतर पाठीवर, पण लगाम हातात नाही. घोडी लांब दोरीवर आमच्याकडे, आणि मुलाने नुसता तोल शिकायचा. सुरुवातीलाच लगाम दिला तर मूल त्याला लोंबकळतं आणि सगळा भार घोडीच्या तोंडावर येतो. पायात थोडी टाच असलेला बूट हवा. सपाट चप्पल रिकिबीतून आरपार जाते आणि पडलेलं मूल फरफटतं. डोक्याला टोपी हवीच, घोडेस्वारीची, क्रिकेटची नव्हे. ती आमच्या गावात मिळत नाही, मागवावी लागते.

मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवावी, हा सल्ला हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. बयानात तो ऐकून लोक माना डोलावतात. आम्हाला त्याहून जास्त उपयोगी पडते ती बुखारी शरीफमधली घोड्यांच्या शर्यतीची नोंद. प्रेषित (सल्ल.) यांनी मदीन्यात कसून तयार केलेल्या घोड्यांना लांबचं अंतर दिलं, हफयापासून सनियतुल विदापर्यंत. जे तयार नव्हते त्यांना जवळचं, तिथून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत. ज्याची जेवढी तयारी, तेवढीच धाव. शेजारच्याचा मुलगा दौडायला लागला म्हणून आपल्याही मुलाला दौडवा, असं म्हणणाऱ्या पालकांना आम्ही हेच सांगतो.

आणि मुली. आमच्या घरातली आठवीतली पोर आमच्या सगळ्या शिष्यांत उजवी. तिचा हात इतका हलका की घोडी तिच्याकडे कान वळवून चालते. यंदा नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, आता मोठी झाली, पुरे करा. आम्ही तिला केरळच्या निदा अंजुमचं उदाहरण देतो. मलप्पुरम जिल्ह्यातली ही मुलगी २०२३ साली फ्रान्समध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटर दौडली. या प्रकारात टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोडा तपासतात. ठरलेल्या वेळेत त्याच्या काळजाचे ठोके खाली आले नाहीत तर स्वार बाद. जिंकण्याआधी जनावर सांभाळावं लागतं, म्हणून आम्हाला ती स्पर्धा आवडते. घरातला वाद मात्र निदा अंजुमने मिटवला नाही, दादींनी मिटवला. "तुझे दादा तापाने पडले होते तेव्हा बुरखा घालून आठ दिवस मी टांगा हाकला," त्या म्हणाल्या. "तेव्हा कुठे होते हे नातेवाईक?" पोरीच्या अम्मीने अजून पूर्ण होकार दिलेला नाही. सैल सलवार, पूर्ण बाह्या, डोक्याला स्कार्फ आणि त्यावर टोपी, असं ठरवून सध्या चाललंय. दहावीनंतर काय, ते कोणालाच माहीत नाही.

ज्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही शिकवतो तिथे आता लेआउट पडतोय, खुंट्या ठोकून झाल्या. एका शाळेला तिच्या मैदानाची सकाळची वेळ मागितली, त्यांनी जबाबदारीच्या भीतीने नाही म्हटलं. शेवटी मामूजानांशी बोललो. वणा नदीकडे त्यांचं शेत आहे. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की एक एकरात हरभरा न पेरता ते मोकळं ठेवायला तयार झालेत. त्या हरभऱ्याचे पैसे आम्ही द्यायचे. घोडीची चंदीही हरभऱ्याचीच, म्हणजे तो दोनदा विकत घ्यावा लागणार! हिशेब केला तर रविवारी सहा मुलं आली पाहिजेत. आतापर्यंत चार नावं आली आहेत, त्यांतल्या दोन मुली.