पैठणीची उलटी बाजू

माझ्या कन्येच्या विवाहासाठी आम्ही येवल्याच्या एका विणकराकडे पैठणी विणावयास दिली होती. लग्न पंधरा दिवसांवर आले, तेव्हा मी चौकशीस गेलो.

प्रत्येक रंगाच्या रेशमाची निराळी कांडी फिरवून तो जरीच्या पदरावर मोर विणीत होता. एका मोराची चोच किंचित वाकडी उतरली होती. ती ध्यानात येताच त्याने दोन दिवसांचे काम उकलले.

मी अधीर होऊन म्हणालो, "एवढेसे कोणास दिसणार?"

तो शांतपणे उत्तरला, "गुरुजी, पैठणीस उलटी बाजू नसते."

पाठवणीच्या वेळी मुलगी माझ्या पाया पडली. पदर उलटला, मोर तसाच डौलदार होता. जन्मभर मी मुलांच्या वह्या तपासल्या. येवल्यास मात्र माझीच वही तपासली गेली!