इगतपुरी, रात्री साडेदहा

'इगतपुरीत नाइटलाइफ?' मैत्रीण फस्सकन हसली. खरंच, हायवेवरचे ढाबे सोडले तर दहानंतर सगळी सामसूम. धम्मगिरीवर विपश्यनावाले साडेनऊलाच आडवे. पहाटे चारला घंटा! शेवटी स्टेशन गाठलं. धुकं, चहा, गरमागरम वडापाव. यापुढे कुठला पब?

कसाऱ्याहून १:३७ चा घाट चढवायला मागे लावलेली इंजिनं इथे सोडतात. लहानपणी गाडी तेवढी थांबली की बाबा वडे आणायला उतरायचे आणि मी खिडकीत रडकुंडीला. गाडी सुटली तर?

आता गुडघ्यांमुळे बाबा प्रवास टाळतात. त्यांना फोन लावला. मागे शिट्टी वाजली.

'अगं, आधी गाडीत चढ बघू!' बाबा ओरडलेच.

माझी गाडी पहाटेची होती.