चिंचोक्याचा चटका

चिंचोका फरशीवर खसाखसा घासून शेजारच्याच्या दंडाला टेकवलाय कधी? (पालकांनी हे वाचलंच नाही असं समजावं!) जाळ नाही, वीज नाही, तरी चटका बसतोच. तो घर्षणाचा.

आमचे अण्णा आठवडी बाजारात बादल्या दुरुस्त करायचे. पत्र्याच्या बादलीला डाख लावत, प्लॅस्टिकच्या बादलीला तापल्या लोखंडाने ठिगळ जोडत. पण फुटक्या प्लॅस्टिकच्या पिंपाला पत्र्याची पट्टी जोडा म्हटलं, की म्हणत, ‘‘नाही जमायचं, मावशी. या दोघांचं पटत नाही.’’ मावशी परत जायच्या आणि तेवढी कमाई बुडायची.

का पटत नाही? अ‍ॅल्युमिनियम वितळायला ६६० अंश सेल्सिअस लागतात. नायलॉन सुमारे २२० अंशांनाच वितळतं. पत्रा वितळेपर्यंत नायलॉनचा कोळसा!

मग भोक पाडून स्क्रू लावू या? पिंपाला चालेल. पण विमानांसाठी प्लॅस्टिकमध्ये कार्बनचे केसाहून बारीक धागे घालतात. २००९ साली पहिल्यांदा उडालेल्या बोइंग ७८७ च्या वजनात निम्मा वाटा अशा संमिश्रांचा आहे. भोक पाडलं की धागे तुटतात, आणि ताण नेमका भोकाच्या कडेला येतो. वर माणसं बसलेली असतात, विसरू नका.

इथे चिंचोका कामाला येतो. १९९१ साली इंग्लंडच्या टीडब्ल्यूआय संस्थेत वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी गरगर फिरणारी दांडी दाबून अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे न वितळवता, कणकेसारखे मऊ करून जोडले. पुढे जपानच्या ओसाका विद्यापीठात अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनधाग्यांचं नायलॉन अशाच घर्षणाने जोडून पाहिलं. पत्रा वर, नायलॉन खाली. फिरतं हत्यार पत्र्यावरच घासायचं. पत्रा तापतो, पण वितळत नाही. उष्णता खाली उतरते आणि नायलॉनचा वरचा पातळ थर तेवढा वितळतो. पत्र्याची खालची बाजू आधीच पॉलिश पेपरने खरखरीत केली असेल, तर वितळलेलं नायलॉन त्या खाचांत शिरतं आणि निवलं की घट्ट धरून बसतं. भोक नाही, स्क्रू नाही, डिंकही नाही! अण्णांना हे दाखवायला फार आवडलं असतं.

मात्र प्लॅस्टिक वितळणाऱ्या जातीचं हवं. बोइंग ७८७ मधलं बरंचसं तसं नाही. कुकरची काळी मूठसुद्धा वितळत नाही, नुसती करपते. म्हणून तिला अजून स्क्रूच असतो. घरच्या कुकरचा सैल झाला असेल, तर आज मोठ्यांकडून आवळून घ्या.