कंबर धरली, पण सोंग नव्हे

बाजारहत्नूर हे आदिलाबाद जिल्ह्यातले मंडलाचे गाव. राज्य तेलंगण, पण घराघरांत मराठी. शिवार कापसाचे. वेचणी सुरू झाली की बायका ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या. माझी आत्या तिथेच दिलेली. आपल्याकडे कानडीत 'सोंट नोवु', तिथे तेलुगूत 'नडुमु नोप्पी', आत्या म्हणते, "कंबर धरली." धरून सहा वर्षे झाली.

मणक्याचा एमआरआय झाला. "वयाप्रमाणे झीज आहे, बाकी काही नाही," असे सांगण्यात आले. झाले! घरात कुजबुज सुरू झाली. काही नाही, तर दुखते कसे? वेचणीला गेली नाही तर कामचोर, गेली तर रात्रभर झोप नाही. मागच्या दिवाळीत तिने मलाच विचारले, "तू शिकलेला ना बाबा, खरं सांग, मी सोंग करते का?"

याचे उत्तर मणक्यात नाही, मेंदूच्या अभ्यासात सापडते. अमेरिकेत आपकारियन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली जुनाट कंबरदुखीच्या २६ रुग्णांचे मेंदू तपासले. निरोगी माणसांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूतला करडा भाग ५ ते ११ टक्क्यांनी कमी भरला. २०१२ साली याच गटाने नुकतीच कंबर धरलेल्यांचा वर्षभर मागोवा घेतला. मेंदूचा कपाळामागचा एक भाग आणि प्रेरणा-भावनांशी संबंधित एक केंद्र यांचे दळणवळण ज्यांच्यात सुरुवातीलाच जास्त होते, त्यांचे दुखणे टिकून राहिले. काळ्या मातीत गाडीची चाकोरी पडली की चाक आपोआप तिच्यातच जाते, तसेच हे. दुखणे खरेच असते. फक्त ते मणक्याच्या फोटोत दिसत नाही.

ही चाकोरी बुजतेही. २०११ साली कॅनडातल्या संशोधकांना असे आढळले, की उपचारानंतर सहा महिन्यांनी रुग्णांच्या मेंदूतला पातळ झालेला एक भाग पुन्हा जाड झाला होता. मात्र हे सारे संशोधनापुरते आहे. त्यासाठी कोणी मेंदूचा फोटो काढायला धावू नये.

घरी करण्यासारखे बरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिले. त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती यांवर भर आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे सरसकट नको, असे म्हटले आहे. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आत्याला मी हे सगळे ओट्यावर बसून सांगितले, आतेभाऊ आणि वहिनी समोर असताना. आता ती सकाळी शिवारापर्यंत चालते, तासभर वेचते, मग बांधावर टेकते. कंबर अजून दुखते. परवा फोनवर म्हणाली, "टेकले की सून पाणी आणून देते, काही विचारत नाही."